सातवं गाणं

“तुम्ही गाणी ऐकता का?”

प्यो साहेबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून, परत आलेल्या मालाची यादी वाचून दाखवत होते. आधी वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. तीन वर्षांत त्यांनी मला कामाबाहेरचा एकच प्रश्न विचारला होता, तोही शिरूरची बस किती वाजता असते, एवढाच.

“ऐकते, साहेब. कधी कधी.”

“कोरियन?”

“शिकत होते तेव्हा ऐकायचे.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “यात नऊ गाणी आहेत. माझ्या मुलाची. म्हणजे त्यानंच लिहिलेली, त्यानंच म्हटलेली.” मग जरा थांबून म्हणाले, “मला त्यातलं अक्षरही कळत नाही.”

रांजणगावच्या त्या कारखान्यात वॉशिंग मशीनचे पत्रे दाबले जायचे. मी दुभाषी होते, सव्वीस वर्षांची; आणि प्यो गी-तेक कारखान्याचे प्रमुख, साठीला आलेले. एकतीस वर्षं प्रेसच्या दणदणाटात काढलेली. डावा कान पार गेलेला, उजव्यात यंत्र. मी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून सावकाश, तोंड नीट उघडून बोलायची. समोरासमोरचं बोलणं त्या यंत्रातून कळायचं. पण ढोलाच्या ठेक्यावर धावत म्हटलेले शब्द? साहेब म्हणाले, “पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं. त्यात माझा मुलगा कुठे आहे तेच सापडत नाही.”

गाण्यांचे शब्द हान-सोलनं, त्यांच्या मुलानं, कुठेच छापले नव्हते. ज्याला हवं त्यानं ऐकावं, असं त्यानं इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं.

“शब्द लिहून द्या,” साहेब म्हणाले. “कोरियनमध्येच. मी वाचीन.”

कारखान्यात आणखी दोन कोरियन इंजिनियर होते. त्यांची नावं माझ्या ओठांवर आल्याचं साहेबांनी ओळखलं असावं.

“ते माझ्या हाताखाली काम करतात. माझं घर त्यांच्यासमोर नको. तुम्ही इथल्या आहात. मी गेल्यावर तुमची-माझी गाठ पडायची नाही.”

अल्बमचं नाव होतं ‘ग्यॉलबन’. बंद झालेला फोन नंबर. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही’ असं आपल्याकडे बाई सांगते ना, तसं तिथेही सांगतात. पहिलं गाणं त्या बाईच्या आवाजानंच सुरू होत होतं. हान-सोल वारलेल्या आईचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवतो आणि दर वेळी तीच बाई बोलते.

त्याची आई आदल्या वर्षी मार्चमध्ये गेली होती. ते दिवस मला चांगले आठवत होते. तेव्हा आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणीला माणसं आली होती. आठ दिवस, गुरुवारची सुट्टीही न घेता, मी साहेबांच्या उजव्या हाताला उभी राहून कडा, भोकं, जाडी यांचं भाषांतर करत होते. सातव्या दिवशी दुपारी साहेब फोन घेऊन हत्यारांच्या खोलीमागे गेले, पाच मिनिटांनी परत आले आणि मला म्हणाले, “पुढचा मुद्दा कोणता?” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणी संपली. तेव्हा कुठे कळलं की त्यांची बायको गेली. ते त्याच संध्याकाळी निघाले. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, फार अचानक झालं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या गुरुवारी मी शिरूरला घरी, सकाळीच कानात हेडफोन घालून बसले. गावाकडची कोरियन बोली, त्यात रस्त्यावरचे शब्द, त्यात हा वेग. एकेक ओळ पंधरा-वीस वेळा मागे नेऊन ऐकावी लागत होती. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताट खोलीत आणून ठेवलं.

पहिली अडचण शब्दांची नव्हती. हान-सोल वडिलांना ‘तू’ म्हणत होता.

आपल्याकडे बापाला कोणी अरे-तुरे केलं तर फार काही बिघडत नाही. कित्येक घरांत तसंच म्हणतात. त्या भाषेत मात्र तो शब्द वडिलांसाठी नसतोच. एखाद्यानं भर बाजारात बापाच्या अंगावर थुंकावं तसं ते ऐकू येतं. मी पहिली ओळ जशीच्या तशी लिहिली. साहेब चष्मा पुसून ती वाचायला बसलेत, असं डोळ्यांपुढे आलं. मी ती खोडली आणि क्रियापद आदरार्थी केलं.

एवढंच केलं. अर्थ तर तोच होता.

मग तिसऱ्या गाण्यात वडील सोळा वर्षांच्या मुलाचा माइक पंख्याच्या दांडीनं फोडतात आणि म्हणतात, तुझ्या आवाजापेक्षा माझी प्रेस बरी. मी लिहिलं, ‘त्या दिवशी तुम्ही फार रागावला होता.’ पाचव्यात आईच्या अंत्यविधीचं होतं. तिथे तीन दिवस माणसं भेटायला येतात, आणि थोरल्या मुलानं दंडाला फीत बांधून दाराशी बसायचं असतं. हा एकुलता एक. तिन्ही दिवस एकटा बसला. तिसऱ्या दिवशी वडील खांद्यावर बॅग घेऊन आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, पाहुण्यांना जेवण पुरलं का? ते मी तसंच ठेवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही मयताच्या घरी पुरुषमाणूस हेच विचारतो.

हे काम मला नवं नव्हतं. तीन वर्षं मी पगार त्याचाच घेत होते. लाइनवरचा भरत खामकर ओरडायचा, “सांग त्या म्हाताऱ्याला, एकदा स्वतः उभं राहून बघ म्हणावं इथं.” मी सांगायची, “परिस्थिती तुम्ही प्रत्यक्ष पाहावी अशी त्यांची विनंती आहे.” साहेब म्हणायचे, “ही माणसं आळशी आहेत.” मी सांगायची, “अजून थोडा जोर लावा म्हणतायत.” दोघेही मान डोलवायचे, काम पुढे सरकायचं. घरीही आईनं हेच केलेलं मी पाहिलं होतं. माझे वडील, अण्णा, आणि माझा भाऊ चार वर्षं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. आई मधे उभी राहून दोघांना एकमेकांचे न बोललेले गोड शब्द सांगायची. मला त्याचा अभिमान होता. आमच्यामुळे गोष्टी तुटत नाहीत, असं वाटायचं.

सातवं गाणं निराळं होतं. बाकीची धावत होती. हे तो बसून बोलल्यासारखं होतं. ठेकाही नाही, मागे फक्त दवाखान्यातल्या कुठल्याशा यंत्राची टिकटिक. सोळा ओळी.

‘बुधवारी आईनं विचारलं, ते कुठवर आले? मी म्हटलं, विमानात बसले.
गुरुवारी म्हणाली, अजून उतरले नाहीत? मी म्हटलं, वारा उलटा आहे.
शुक्रवारी तिनं विचारलं नाही, नुसतं दाराकडे पाहिलं. मीच म्हटलं, उतरले, टॅक्सीत आहेत.
तीन दिवस मी तुला आकाशात ठेवलं. तू खाली कुठे होतास?’

मी हेडफोन काढले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. कॅलेंडर काढायची गरज नव्हती. तो खाली कुठे होता ते मला माहीत होतं. तो माझ्या डाव्या हाताला उभा होता.

गाण्याच्या शेवटी त्यानं विचारलं होतं, ‘तुला माहीत होतं का? ती म्हणाली, येऊ नका, तेव्हा ती मरतेय हे तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच सांग. दुसरं काही सांगू नकोस.’

मी बराच वेळ ती वही पुढ्यात घेऊन बसले. साहेबांना माहीत नव्हतं, याबद्दल माझी खात्री होती. ‘फार अचानक झालं’ असं ते म्हणाले होते. माहीत असतं तर कुठला माणूस ‘पुढचा मुद्दा कोणता’ असं विचारील? जे त्यांनी केलंच नाही त्यासाठी, आणि आता ज्यावर काही उपाय नाही त्यासाठी, या वयात त्यांना कशाला फाडायचं? मी नऊ ओळी लिहिल्या. खिडकी, आईचे सुजलेले हात, तिला न गेलेली भाताची पेज. शेवटी लिहिलं, ‘आईची फार आठवण येते. तुमचीही येते.’

ही ओळ माझी होती. कोरियन चांगलं जमलं होतं.

साहेबांनी कागद घरी नेले. दोन दिवसांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कोणीतरी इस्त्री फिरवावी तशा कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

“त्याला माझी आठवण येते म्हणे,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“मी त्याला निरोप लिहिलाय. बघा जरा.”

त्यांनी फोन पुढे केला. लिहिलं होतं, ‘सगळी गाणी समजली. चांगली आहेत. तुझी आई असती तर तिला आनंद झाला असता. वेळेवर जेवत जा.’

त्या क्षणी बोलायला हवं होतं. खोली बंद होती, आम्ही दोघंच होतो, निरोप अजून गेला नव्हता.

“कसं वाटतं?”

“छान आहे, साहेब.”

त्यांनी बोटानं बटण दाबलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. साहेब स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आले आणि फोन दाखवला. ‘म्हणजे सातवं ऐकूनही एवढंच.’

“सातव्यात एवढं काय आहे?” त्यांनी विचारलं. “मी पुन्हा वाचलं. पेजेचं आहे, खिडकीचं आहे. आणखी काही आहे का?”

“नाही, साहेब. आईची आठवण आहे. तेवढंच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग “बरं” म्हणून गेले. त्यानंतर त्यांनी पाठवलेले निरोप पोचेनात. आठवड्याभरात तो नंबरच बंद झाला.

सप्टेंबरात त्यांच्याकडे पितरांचा सण असतो. साहेब सहा दिवसांसाठी गेले. परत आले ते गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आणि विमानतळावरून थेट कारखान्यात. मला फोन करून फक्त ‘या’ म्हणाले. मी पोचले तर सगळा कारखाना बंद. प्रेस थांबलेल्या असल्या की तिथली शांतता अंगावर येते. ते कार्यालयात बसले होते, बॅग पायाशी. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी.

“तो भेटला नाही,” ते म्हणाले. “दार उघडलं त्याच्या मित्रानं. हे हातात दिलं आणि म्हणाला, काका, त्यानं सांगितलंय, ऐकू येत नसेल तर निदान वाचा.”

मी उभीच होते.

“यात सोळा ओळी आहेत. तुमच्या कागदावर नऊ. आणि त्यातली एक यात कुठेच नाही.”

“साहेब, मला वाटलं…”

“काय वाटलं ते विचारत नाही. तुम्ही हे नेहमीच करत होतात का? इथे, लाइनवर?”

“हो.”

“मी बोलतो ते त्यांना सांगताना?”

“हो.”

“आणि ते बोलतात ते मला सांगताना?”

“हो, साहेब.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या यंत्रातला बिघाड सापडल्यावर हलवायचे तशी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरची खुर्ची उचलून आपल्या उजव्या बाजूला ठेवली.

“बसा. आणि वाचा. मोठ्यानं.”

“तुम्ही वाचलंय ना, साहेब.”

“वाचलंय. ऐकलेलं नाही.”

मी वाचायला लागले. त्यानं म्हटलं होतं तसंच, ‘तू’ म्हणून. माझी नसलेल्या त्या भाषेत मी त्या माणसाला त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन विचारत होते, तू खाली कुठे होतास. बुधवार. गुरुवार. शुक्रवार. एका ठिकाणी माझा आवाज फाटला तर ते म्हणाले, “ती ओळ पुन्हा.” मी पुन्हा वाचली. शेवटच्या प्रश्नापर्यंत आले आणि थांबले.

“पुढे.”

“तुला माहीत होतं का?” मी वाचलं. “हो की नाही, एवढंच सांग.”

साहेब समोरच्या भिंतीकडे पाहत होते. तिथे आमच्या मालाचे नमुने टांगलेले होते.

“हो,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही की हे उत्तर होतं.

“डॉक्टरांनी मला सोमवारीच फोन केला होता. हान-सोलला न सांगता. म्हणाले, या आठवड्यात या, पुढचा आठवडा नाही. मी विमानाचं बघतो म्हणालो. बघितलं नाही. तपासणीचं निमित्त होतं. ती माणसं तर म्हणालीही असती, जा म्हणून. मी त्यांना कळूच दिलं नाही. मला तो पलंग बघायचा नव्हता. ती म्हणाली, येऊ नका, काम पुरं करा. मी ते धरून बसलो. ती का म्हणतेय ते मला माहीत होतं.”

मी कागद खाली ठेवला.

“हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो,” ते म्हणाले. “त्याला सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. तुम्ही ती ओळ लिहिली असती, तर कदाचित मी खोटंच लिहून पाठवलं असतं. नाही म्हणालो असतो. किंवा खरं सांगितलं असतं. आता ते मला कधीच कळणार नाही.”

त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. नंतर मी बोलले, माफी मागितली, दोनदा मागितली. त्यांना ऐकू आलं नाही. माझ्या तोंडाकडेही त्यांनी पाहिलं नाही. अर्ध्या तासानं मी उठले आणि एसटी धरून घरी आले.

मी पुढच्या सोमवारी राजीनामा दिला. त्यांनी सही केली. डिसेंबरात तेही मायदेशी परत गेल्याचं भरतकडून कळलं.

त्यानंतर सहा वर्षांनी पुण्यातल्या एका कंपनीच्या कामासाठी मी सोलला गेले. अल्बमला संगीत देणारा हान-सोलचा मित्र अजून गाणी करत होता, त्यामुळे त्याला शोधणं कठीण गेलं नाही. त्यानं पत्ता दिला. हान-सोल शहराबाहेर पार्सलच्या गोदामात काम करत होता. गाणं कधीच सोडलं होतं. दुपारच्या सुट्टीत तो समोरच्या शेवयांच्या दुकानात मला भेटायला आला. तिशी नुकती ओलांडलेला, कपाळ अगदी वडिलांचं. ते आदल्या हिवाळ्यात वारले, असं त्यानं बसता बसताच सांगितलं. “हृदय बंद पडलं. पुन्हा तीन दिवस बसलो दाराशी.”

मी त्याला सगळं सांगितलं. कागद, नऊ ओळी, माझी ओळ. तो खाता खाता थांबला.

“म्हणजे ‘वेळेवर जेवत जा’ लिहिलं, तेव्हा त्यांनी सातवं ऐकलंच नव्हतं?”

“नाही.”

“मी सहा वर्षं त्या एका निरोपावर काढली,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “त्यांनी घरी जाऊन मला एक पत्र पाठवलं होतं. मी उघडलं नाही. म्हटलं, आणखी एकदा जेवत जा म्हणत असतील. ते गेल्यावर उघडलं. आत एकच शब्द होता. ‘हो.’ मला कळेना, कशाचं हो.”

दुकानदारीण येऊन पाण्याचं भांडं भरून गेली.

“तुमच्यासमोर म्हणाले ते? तोंडानं?”

“हो. तुमची ओळ मी वाचली आणि ते म्हणाले.”

“रडले का?”

हे विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि आता तर साहेबही नव्हते. हो म्हटलं असतं तर कोणीही खोटं पाडायला येणार नव्हतं. त्याचा घास कदाचित पुढे गेला असता.

“नाही,” मी म्हणाले. “रडले नाहीत. यंत्र काढून ठेवलं आणि नुसते बसून राहिले. मी निघाले तरी मान वळवली नाही.”

त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती.

“पहिल्यापासून सांगा,” तो म्हणाला. “ते काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. जे जसं झालं तसं.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले.